उभ्या गाडीचा जमाखर्च

आडत बाजारात सकाळी सौदे सुरू झाले की दुकानांसमोर मालमोटारींच्या जोडीने मालकांच्या गाड्याही उभ्या राहतात. त्यांतील कित्येक गाड्यांची चाके थांबलेली असतात, पण इंजिने थांबलेली नसतात. काचा वर असतात, एसी चालू असतो आणि चालक आत बसून मालकाची वाट पाहत असतो. बँकेसमोर, दवाखान्यासमोर, मंगल कार्यालयाच्या फाटकाशी आणि शाळा सुटण्याच्या वेळी शाळेच्या कोपऱ्यावरही हेच दृश्य दिसते. गाडी उभी आहे, म्हणजे ती झिजत नाही, अशी सर्वांची समजूत असते. किलोमीटरचा आकडा हलत नाही, तेव्हा खर्चही होत नसणार, हा त्यामागचा साधा हिशेब. हा हिशेब कोठे चुकतो, हे एका कुटुंबाच्या अनुभवावरून समजून घेण्यासारखे आहे.

जिल्ह्याच्या गावी धान्याची आडत असलेले हे तीन पिढ्यांचे कुटुंब. घरातील डिझेलची गाडी तीन वर्षांपूर्वी घेतलेली. किलोमीटरचा आकडा अवघा 28,000. गेल्या उन्हाळ्यात गाडीच्या फलकावर एक पिवळा दिवा लागला आणि दोन दिवसांत गाडीची ओढ कमी झाली. नातू गाडी गॅरेजमध्ये घेऊन गेला. मिस्त्रीने बॉनेट उघडले, इंजिन ऑइलची पट्टी ओढून पुसली, पुन्हा आत घालून बाहेर काढली आणि उजेडात धरली. तेलाची रेघ वरच्या खुणेच्याही बोटभर वर होती.

“म्हणजे इंजिन तेल खात नाही. चांगलंच आहे की!” नातू म्हणाला.

मिस्त्रीने तेलाचा थेंब दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला आणि म्हणाला, “दादा, तेल कधी आपोआप वाढतं का? यात डिझेल उतरलंय.”

व्यापारी घरातील माणसाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कोणताही व्यवहार न होता खात्यात जमा वाढलेली दिसली, तर जाणता मुनीम आनंदून जात नाही. तो चूक शोधू लागतो. इंजिनातील तेल झिजेने, जळण्याने कमी होऊ शकते. ते वाढले, तर त्यात दुसरे काहीतरी मिसळले आहे, हे निश्चित समजावे.

घरी ही वार्ता पोहोचताच पहिला राग निघाला तो चालकावर. अकरा वर्षे नोकरीत असलेला हा गृहस्थ खाली मान घालून उभा राहिला. “गाडीची निगा राखणं तुमचं काम. दिवसभर गाडीत बसून एवढंही कळत नाही?” असे त्याला ऐकावे लागले. तो काही बोलला नाही. दुरुस्तीचा अंदाज आला, तो आकडा पाहून मोठे शेठ मात्र गप्प बसले नाहीत. त्यांनी मिस्त्रीलाच दुकानावर बोलावले आणि विचारले, “चूक कोणाची ते नंतर पाहू. आधी झालं काय, ते सांगा.”

तेल काय काम करते

इंजिनातील तेलाची कामे अनेक. धातूच्या दोन भागांमध्ये ते पातळ पडदा धरते आणि घर्षण टाळते. ते उष्णता वाहून नेते. जळणातून निर्माण झालेली काजळी आणि आम्ल यांना आपल्यात सामावून घेते, म्हणजे ती धातूवर बसत नाहीत. त्यासाठी तेलात विशिष्ट रसायने मिसळलेली असतात. ही रसायने म्हणजे तेलाची राखीव गंगाजळीच होय. ती रोज थोडी खर्च होते आणि संपली की तेल दिसायला तेल राहते, पण त्याचा उपयोग उरत नाही. ठरावीक काळाने ते बदलावे लागते, ते याच कारणाने.

हे तेल सर्वत्र पोहोचविणारा पंप इंजिनाच्याच गतीवर फिरतो. रस्त्यावर धावताना इंजिन मिनिटाला दीड-दोन हजार फेरे घेते. उभ्या गाडीत ते सातशे ते नऊशे फेऱ्यांवर येते. साहजिकच तेलाचा दाब उतरतो. सुस्थितीतील नव्या इंजिनाला हा कमी दाबही पुरतो, कारण त्याची रचनाच तशी केलेली असते. परंतु इंजिन जुने असेल, बेअरिंगांत झीज असेल, तेल तापून वा इंधन मिसळून पातळ झाले असेल, तर हाच दाब काठावर येतो. गाडी सिग्नलला उभी असतानाच तेलाचा लाल दिवा लुकलुकतो आणि वेग घेतला की विझतो, असे अनेकांनी पाहिले असेल. तो दिवा विझला म्हणून दुर्लक्ष करणे म्हणजे तगादेदार दारातून परत गेला म्हणून कर्ज फिटले असे मानणे होय.

उष्णता कमी, म्हणून मळ अधिक

इंजिन चालू ठेवले की ते तापते, हे खरे; पण उभ्या गाडीत ते हवे तसे तापत नाही. काम नसल्याने इंधन थोडे जळते आणि सिलिंडरमधील उष्णता व दाब दोन्ही कमी राहतात. पाण्याचा काटा मध्यावर आला, तरी खालच्या चेंबरमधील तेल पुरेसे गरम व्हायला त्याहून बराच अधिक वेळ लागतो.

आता यात एक गोष्ट मिळवावी. एक लिटर इंधन जळले की जवळपास तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातील बहुतेक धुराच्या नळीवाटे जाते. पण थोडे जळलेले वायू पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतात. गाडी नीट धावली आणि तेल शंभर अंशांच्या आसपास तापले, तर त्यातील पाणी व इंधन वाफ होऊन निघून जाते. गाडी उभ्याउभ्याच चालवून बंद केली, तर ते तेथेच थंड होऊन साचते. पाणी, काजळी आणि आम्ल एकत्र आले की तेलाचा चिकट गाळ होतो. तेल भरण्याच्या झाकणाच्या आत पिवळसर पांढरी साय दिसली, तर ती या साचलेल्या पाण्याची खूण असू शकते.

पेट्रोलच्या थंड इंजिनात प्रश्न थोडा वेगळा असतो. सुरुवातीला इंजिनाला पेट्रोल अधिक लागते. ते सर्व जळत नाही. काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा पडदा धुऊन खाली उतरतो. प्लगचे टोकही स्वतःची काजळी जाळून टाकण्याइतके तापत नाही आणि त्यावर काळा थर बसतो. गाडी मग झटके घेत चालते, आणि दोष पेट्रोल पंपाला दिला जातो.

टाळेबंदीच्या काळातील अनुभव याच प्रकारातला. मार्च 2020 च्या अखेरीस गाड्या दाराशी उभ्या राहिल्या, तेव्हा बॅटरी उतरू नये म्हणून अनेक घरांत दोन-तीन दिवसांआड गाडी दहा मिनिटे चालू करून बंद करण्याचा नेम सुरू झाला. हेतू चांगला होता. पण कमी फेऱ्यांवर बॅटरीत भर थोडी पडते, आणि प्रत्येक वेळी तेलात पाण्याचा नवा हप्ता जमा होतो. त्याऐवजी आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी चालवून आणणे, किंवा ते शक्य नसल्यास बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवून ठेवणे अधिक श्रेयस्कर.

डिझेल गाडीचे गाळणे

आता त्या पिवळ्या दिव्याकडे यावयास हवे. 1 एप्रिल 2020 पासून देशात भारत स्टेज 6 हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. त्यांनुसार डिझेल मोटारींच्या धुराच्या मार्गात काजळी अडविणारे एक गाळणे आले. गाळणे भरत आले की ते जाळून साफ करावे लागते आणि त्यासाठी सुमारे 550 ते 600 अंश सेल्सिअस उष्णता लागते. महामार्गावर वेगात चाललेल्या गाडीत हे काम चालकाला न कळता होऊन जाते. उभ्या गाडीच्या धुराचे तापमान मात्र त्याच्या जवळपासही जात नाही. काजळी मात्र साचत राहते.

मग गाडीतील संगणक उष्णता वाढविण्यासाठी सिलिंडरमध्ये उशिरा, जादा डिझेल सोडतो. गाडी धावत असेल तर हे डिझेल पुढे जाऊन गाळणे तापविते. परंतु काम अर्ध्यावर असतानाच गाडी बंद झाली, पुन्हा चालू झाली, पुन्हा तेच, असे वारंवार घडले तर त्यातील काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून तेलात उतरते. पट्टीवरची रेघ वर चढते ती त्यामुळे. तेल वाढलेले दिसते. प्रत्यक्षात ते पातळ झालेले असते आणि बेअरिंगांवरचा पडदा विरळ होत जातो. त्या आडत दुकानाच्या गाडीत हेच झाले होते. गाळणे तुंबले होते, आणि ते साफ करण्याच्या धडपडीत तेल बिघडले होते.

मुनिमाने मांडलेला हिशेब

मिस्त्रीचे बोलणे संपल्यावर मोठ्या शेठांनी चालकाला जवळ बसविले आणि विचारले, “गाडी रोज किती वेळ उभ्याने चालू असते?” तो आधी अडखळला. मग म्हणाला, “सकाळी बाजारात तासभर, संध्याकाळी वसुलीला अर्धा तास तरी. कधी जास्तच.”

मुनिमाने कागद ओढला. रोज दीड तास आणि वर्षाचे 300 कामाचे दिवस, म्हणजे 450 तास. गेल्या वर्षभरात तेल बदलल्यानंतर गाडी 9,000 किलोमीटर धावली होती. गावातले आणि महामार्गावरचे मिळून सरासरी तासाला 36 किलोमीटर धरले, तर ते होतात 250 तास. म्हणजे वर्षभरात इंजिन चालले 700 तास आणि त्यातले केवळ 250 तास किलोमीटरच्या आकड्यात नोंदले गेले. उरलेले 450 तास कोठेच लिहिलेले नाहीत. ज्या वहीत निम्म्याहून अधिक खर्च लिहिलेलाच नाही, त्या वहीवरून नफा-तोटा काढायचा कसा?

शेतकरी हे आधीपासून ओळखून आहेत. ट्रॅक्टरला तासांचा मापक असतो आणि त्याचे तेल किलोमीटरवर नव्हे, तर तासांवर बदलतात. जनरेटरचेही तसेच. अमेरिकेतील फोर्ड कंपनीने पोलिसांच्या व अन्य सेवेतील गाड्यांसाठी एक ढोबळ प्रमाण दिले आहे: इंजिन उभ्याने एक तास चालले, तर ते 33 मैल, म्हणजे सुमारे 53 किलोमीटर धावण्याइतके धरावे. प्रत्येक गाडीला हे तंतोतंत लागू होईल असे नाही; पण अंदाजासाठी ते पुरते. 450 तासांना 53 ने गुणले की 23,850 होतात. त्यात धावलेले 9,000 मिळविले की 32,850. दहा हजार किलोमीटरसाठी भरलेले तेल तीनपटींहून अधिक राबविले गेले होते.

इंधनाचा हिशेब वेगळाच. मध्यम आकाराची गाडी उभ्याने तासाला अर्धा ते एक लिटर इंधन जाळते. एसी चालू असेल तर खर्च वरच्या बाजूला झुकतो. तासाला 0.8 लिटर धरले, तर 450 तासांचे 360 लिटर. डिझेल 90 रुपये लिटर मानले, तर वर्षाला 32,400 रुपये. या रकमेत गाडी एक किलोमीटरही पुढे गेलेली नाही. एक लिटर डिझेल जळून सुमारे 2.65 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्या हिशेबाने साडेनऊशे किलोंहून अधिक वायू दुकानाच्याच दारात, हमालांच्या आणि गिऱ्हाइकांच्या नाकाशी सोडला गेला.

मालाला भाव करताना पोत्यामागे दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या दुकानातून वर्षाकाठी एवढी रक्कम धुराच्या नळीतून गेली, आणि कोणाच्याही ध्यानात आले नाही.

जुनी सवय आणि तिचे कारण

गाडी चालू ठेवण्याच्या सवयीला पूर्वी कारण होते. मारुती 800 ही 1983 च्या डिसेंबरात आली, तेव्हा तिच्यात कार्बोरेटर होता. थंडीच्या सकाळी चोक ओढून, इंजिन काही मिनिटे घुमवून मगच गाडी काढावी लागे. एकदा बंद केली तर पुन्हा चालू होईल की नाही, याची धास्ती असे. 2000 सालाच्या सुमारास मोजून इंधन सोडणारी यंत्रणा आपल्याकडील मोटारींत सार्वत्रिक होऊ लागली आणि ही गरज संपली. कारण गेले, सवय मात्र राहिली.

आजच्या गाडीला सकाळी वीस-तीस सेकंद पुरतात. तेल सर्वत्र पोहोचले की पहिले दोन-तीन किलोमीटर हळुवार चालवावी. इंजिन उभ्याने तापण्यापेक्षा चालताना लवकर व नीट तापते. अमेरिकेतील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने मोजमाप करून दाखविले आहे, की दहा सेकंदांहून अधिक थांबायचे असेल, तर इंजिन बंद करून पुन्हा चालू करण्यास इंधन कमी लागते. दिल्लीत 2020 च्या ऑक्टोबरात लाल दिव्याला गाडी बंद करण्याची मोहीम निघाली, ती याच विचाराने. दर दहा सेकंदांना किल्ली फिरवीत बसणे व्यवहार्य नाही. पण मिनिटभराहून अधिक थांबणे निश्चित असेल, तर गाडी बंद करण्यात लाभच आहे.

याला अपवाद आहेत, आणि ते लक्षात ठेवले पाहिजेत. टर्बो असलेली गाडी घाट चढून किंवा महामार्गावरून वेगात आली असेल, तर बंद करण्यापूर्वी अर्धा-एक मिनिट तशीच चालू ठेवावी. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेत असतो आणि त्याला थंड ठेवणारे तेल इंजिन बंद होताच थांबते. विहारात साधू-साध्वींच्या मागे, रस्त्यावरील वाहनांपासून संरक्षण म्हणून पायी गतीने जाणारी गाडी हाही अपवादच. तेथे इंजिन चालू राहणे अपरिहार्य आहे आणि ते योग्य कारणासाठी आहे. मात्र अशा गाडीचे तेल किलोमीटरवर विसंबून न ठेवता निम्म्या मुदतीतच बदलावे आणि अधूनमधून ती अर्धा तास सलग वेगात चालवून आणावी. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत ‘कठीण वापर’ असा एक भाग बहुधा असतो. दीर्घकाळ उभ्याने चालणे त्यातच मोडते.

पैशापलीकडचा धोका

दोन गोष्टी मात्र जमाखर्चाच्या पलीकडच्या आहेत. बंद गॅरेजमध्ये, शटर ओढून, गाडी कधीही चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेपटींहून अधिक ओढीने धरून ठेवते. माणसाला गुंगी येते, आणि जागे होण्याची संधी मिळत नाही. बंदिस्त जागी एसी लावून गाडीत झोपणे याच कारणाने जिवावर बेतू शकते. दुसरी गोष्ट, लहान मुलांना चालू गाडीत ठेवून ‘एका मिनिटात येतो’ म्हणत दुकानात शिरू नये. चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती नसेल, तर सार्वजनिक जागी यंत्र बंद करून आणि ब्रेक लावूनच गाडी सोडली पाहिजे, असे मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 126 सांगते. कायदा नसता, तरी शहाणपण तेच सांगते.

हिशेबाची शेवटची ओळ

मुनिमाचा कागद मोठ्या शेठांनी दोनदा वाचला. मग त्यांनी चालकाला विचारले, “एवढा वेळ गाडी चालू का ठेवता?”

त्याने नातवाकडे पाहिले, मग खाली पाहिले आणि म्हणाला, “शेठ, उन्हात उभी गाडी तापते. बसताना गार लागली नाही की दादा रागावतात. आणि मी तरी कुठं बसणार? दुकानाच्या फळीवर गिऱ्हाईक असतं, रस्त्यावर ऊन.”

कोणी काही बोलले नाही. खर्चाच्या खाली नाव कोणाचे लिहायचे, हे आता सर्वांना उमगले होते. अकरा वर्षे गाडी राखणाऱ्या माणसाला बसायला सावलीची जागा दिलेली नव्हती, आणि तो आपल्या परीने सावली विकत घेत होता. पैसे मात्र दुकानाचे जात होते.

दुरुस्ती झाली. गाळणे साफ झाले, तेल बदलले, आणि मिस्त्रीच्या सांगण्यावरून गाडी महिन्यातून दोनदा महामार्गावर नेण्याचे ठरले. किलोमीटरच्या वहीशेजारी तासांचा एक रकाना आखला गेला. नातवाने काचांना सावलीचे पडदे आणले. बसण्यापूर्वी दोन मिनिटे चारी दारे उघडी ठेवली की आतली धग बरीच उतरते, हे त्याला स्वतःच्याच अनुभवाने कळले. आणि दुकानाच्या आतल्या बाजूस, वजनकाट्याच्या मागे, एक लाकडी बाक आणि छताचा पंखा आला. चालक आता गाडी बंद करून तेथे बसतो. सकाळच्या चहाचा एक कप त्याच्यासाठीही येतो.

त्या पंख्याला वीज किती लागते, हेही मुनिमाने मांडून पाहिले. 75 वॉटचा पंखा दीड तास चालला, तर एका युनिटचा नववा हिस्सा. वर्षाचे 300 दिवस धरले, तरी चौतीस युनिटे भरत नाहीत. समोरच्या बाजूला 360 लिटर डिझेल.